उन्हाळ्यात मोटरसायकलचे इंजिन तापू नये म्हणून : नव्या चालकांसाठी

ज्यांनी गेल्या दसऱ्या-दिवाळीला पहिली मोटरसायकल घेतली, त्यांना मार्चअखेरीस सांगलीच्या किंवा साताऱ्याच्या भर दुपारच्या रस्त्यावर उभे राहिल्यावर इंजिनाकडून पोटरीवर येणारी झळ जाणवेल, आणि गाडी बिघडली की काय अशी शंका मनात येईलच. त्या शंकेचे उत्तर आधी द्यायला हवे. इंजिन गरम असणे हा दोष नाही. पेट्रोल जळून जी ऊर्जा निघते, तिच्यातला सुमारे २५ ते ३० टक्के भागच चाक फिरवण्याच्या कामी येतो. उरलेली बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन काही सायलेन्सरमधून धुराबरोबर आणि काही इंजिनाच्या धातूतून हवेत जाते. शिवाय इंजिनाला ठरावीक तापमान हवेच असते, कारण थंड इंजिनात ऑइल घट्ट राहते, पेट्रोल नीट जळत नाही आणि झीज वाढते. म्हणून इंजिनाला हात लावून चटका बसतो की नाही हे पाहण्यात अर्थ नाही. चटका जानेवारीतही बसतो.

काळजी करायची ती इंजिन प्रमाणाबाहेर तापण्याची, आणि ते हाताला नव्हे, गाडी चालवताना कळते. चढावर गाडी नेहमीसारखी ओढत नाही, अॅक्सिलरेटर पिळल्यावर इंजिनातून खडे वाजल्यासारखा टकटक आवाज येतो, गिअर जड पडू लागतात, उभ्या गाडीत न्यूट्रल सापडत नाही, जळक्या ऑइलचा वास येतो. यांपैकी दोन खुणा एकाच वेळी दिसल्या, तर पुढच्या सावलीला थांबावे. गाडी बंद केल्यावर सायलेन्सरमधून जो टिक्-टिक् आवाज येत राहतो तो मात्र धातू निवताना आकसल्याचा असतो आणि त्यासाठी गॅरेज गाठण्याचे कारण नाही.

आता प्रत्यक्ष उन्हाचा वाटा किती, तेही समजून घ्यावे. समजा, उष्णता हवेत सोडणाऱ्या इंजिनाभोवतीच्या धातूच्या पात्या १५० अंश सेल्सिअसला आहेत. हिवाळ्यातल्या २५ अंशांच्या हवेशी त्यांचा फरक १२५ अंशांचा असतो, आणि एप्रिलमधल्या ४० अंशांच्या हवेशी ११० अंशांचा. उष्णता बाहेर जाण्याचे प्रमाण ढोबळमानाने या फरकावर ठरते, म्हणजे नुसत्या उन्हामुळे इंजिनाची निवण्याची क्षमता साधारण १२ टक्क्यांनीच घटते. मात्र वारा थांबला, तर ती कितीतरी पटींनी घटते. आटपाडी-जतच्या मोकळ्या रस्त्यावर पन्नासच्या वेगाने भर उन्हात जाणारी गाडी साताऱ्याच्या मोती चौकात संध्याकाळी सातला पाऊल-पाऊल सरकणाऱ्या गाडीपेक्षा निवांत असते, ती यामुळेच. उन्हाला आपण काही करू शकत नाही. वारा, ऑइल आणि इंजिनावरचा फुकटचा भार या तीन गोष्टी मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहेत.

पायरी पहिली : आपले इंजिन कशाने थंड होते ते पाहावे

गाडी मेन स्टँडवर लावून समोरून पाहावे. सिलिंडरभोवती पातळ धातूच्या आडव्या पात्या, ज्यांना गॅरेजमध्ये फिन्स म्हणतात, त्या उघड्या दिसत असतील आणि दुसरे काहीच नसेल, तर इंजिन हवेवर थंड होणारे आहे. शंभर-सव्वाशे सीसीच्या बहुतेक गाड्या या प्रकारच्या असतात. पात्यांच्या जोडीला इंजिनासमोर लहानशी जाळी आणि तिला जाणाऱ्या दोन नळ्या असतील, तर ऑइल कूलरही आहे. मोठा रेडिएटर, त्याच्यामागे पंखा आणि बाजूला कुलंटची, म्हणजे इंजिन निववणाऱ्या द्रवाची, अर्धपारदर्शक बाटली असेल, तर इंजिन कुलंटवर थंड होणारे आहे आणि चौथी पायरी आपल्यासाठी आहे.

पायरी दुसरी : वाऱ्याची वाट मोकळी करावी

हे काम इंजिन पूर्ण थंड असताना, शक्यतो सकाळी करावे. आपल्याकडे कृष्णाकाठच्या काळ्या मातीचा एक विशेष आहे : पावसाळ्यात शिवारातून किंवा उसाच्या वावराच्या कडेने गाडी गेली की चिखल पात्यांमध्ये जाऊन बसतो, इंजिनाच्या उष्णतेने भाजून विटेसारखा होतो आणि पुढे उन्हाळाभर तिथेच राहतो. बाहेरून धुतलेली चकचकीत गाडीही आत अशी असू शकते. बॅटरीच्या उजेडात पात्यांमध्ये पाहावे, चिखल असेल तर साबणाच्या पाण्याने भिजवून अर्धा तास ठेवावा आणि जुना टूथब्रश व बांबूची पातळ काडी यांनी काढावा. स्क्रू-ड्रायव्हर घालू नये. पात्या ठिसूळ असतात आणि तुकडा उडतो. सिलिंडरचा मागचा भाग आणि स्पार्क प्लगभोवतीचा खळगा हटकून विसरला जातो, तिथे विशेष लक्ष द्यावे.

धुलाईनंतर गाडीवर डिझेल मारून घेण्याची रीत आपल्याकडे अजून आहे. प्लास्टिक आणि पत्रा त्याने काही वेळ चमकतो हे खरे, परंतु इंजिनावर तेलाचा जो पातळ थर राहतो त्यावर रस्त्याची धूळ चिकटते आणि महिन्याभरात पात्यांवर काळे पुट चढते. धातू आणि हवा यांच्यामध्ये आलेला असा थर म्हणजे इंजिनावर टाकलेली गोधडीच. धुणाऱ्याला आधीच सांगावे की इंजिनाला डिझेल नको, नुसते पाणी पुरे; आणि तेही गाडी पोहोचल्या-पोहोचल्या नव्हे, अर्धा-पाऊण तास उभी राहिल्यावर.

त्यानंतर इंजिनासमोर काय काय लावले आहे ते पाहावे. पावसात पाय भिजू नयेत म्हणून लेग गार्डला रेक्झिनचे कव्हर बांधले जाते आणि ते फाटेपर्यंत काढले जात नाही. दूध घालणाऱ्यांच्या गाड्यांवर किटल्या, बाजाराच्या गाड्यांवर लेग गार्डला अडकवलेल्या पिशव्या, हे सगळे नेमके तिथेच येते जिथून वारा इंजिनाकडे जायचा असतो. किटल्या मागच्या बाजूला घ्याव्यात, आणि रेक्झिन होळीच्या आधी काढून घडी करून ठेवावे.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात वाईहून पाचगणीला जाताना पसरणी घाटात माझी सव्वाशे सीसीची गाडी निम्म्या चढावर दम टाकून थांबली. मागे पत्नी, दोन पिशव्या, पुढे सावकाश चढणारा ट्रक, आणि लेग गार्डला गेल्या आषाढात बांधलेले रेक्झिन तसेच. त्यात मी तिसरा गिअर सोडायला तयार नव्हतो, कारण दुसऱ्यात इंजिन जास्त ओरडते म्हणजे त्याला जास्त त्रास होतो, अशी माझी समजूत होती. बाटलीतले पाणी मी इंजिनावर ओतणार, तोच शेजारी थांबलेल्या वडापच्या जीपचा चालक म्हणाला, “पाणी तुम्ही प्या, गाडीला नको.” त्याने चाकूने रेक्झिनच्या दोऱ्या कापल्या, आम्हाला अर्धा तास सावलीत बसायला सांगितले आणि दुसऱ्या गिअरमध्ये वर जायला बजावले. गाडी पाचगणीपर्यंत विनातक्रार गेली.

पायरी तिसरी : ऑइलकडे पाहावे

ऑइल केवळ घर्षण कमी करते असा समज असतो. प्रत्यक्षात पिस्टनच्या खालच्या बाजूची, गिअरची आणि क्लच प्लेट्सची उष्णता उचलून ती इंजिनाच्या बाहेरच्या कवचापर्यंत नेण्याचे कामही तेच करते, कारण तिथे वारा पोहोचत नाही. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीत एकूण ऑइल लिटरभर किंवा त्याहून थोडे कमी असते. त्यातले २०० मिलिलिटर उडाले तर उष्णता वाहून नेणारा जवळजवळ पाचवा हिस्सा गेला. चारचाकीत एवढी तूट खपून जाते, मोटरसायकलमध्ये खपत नाही.

पातळी तपासण्याची पद्धत अशी आहे. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर उभी करावी, इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून बंद करावे आणि ऑइल खाली उतरण्यासाठी आणखी तीन-चार मिनिटे थांबावे. मग पट्टी, म्हणजे डिपस्टिक, काढून कोरड्या फडक्याने पुसावी, पुन्हा आत घालून काढावी आणि ऑइलची ओली रेघ वरच्या व खालच्या खुणेच्या मध्ये आहे का ते पाहावे. बऱ्याच गाड्यांत पट्टी आटे न फिरवता नुसती टेकवून मोजायची असते. आपल्या गाडीचे काय ते गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत लिहिलेले असते. काचेची खिडकी असलेल्या गाड्यांत पट्टीची गरज नाही, फक्त गाडी साइड स्टँडवर कललेली नसावी. पातळी वरच्या खुणेच्याही वर गेली तर तीही चूकच आहे, कारण जादा ऑइल क्रँकमध्ये, म्हणजे पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्यात, घुसळले जाते, फेसाळते आणि आणखी तापते. उन्हाळ्यात ही तपासणी पंधरवड्यातून एकदा करावी. जुनी गाडी असेल तर दर आठवड्याला.

ऑइल कोणते घालावे, यावर गॅरेजच्या बाकावर बसून तासभर वाद घालता येतो. डब्यावर १०डब्ल्यू-३०, २०डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५० असे आकडे असतात; त्यांतला पहिला आकडा ऑइल थंडीत किती पातळ राहते हे सांगतो आणि दुसरा ते तापल्यावर किती दाट राहते हे सांगतो. त्यावरून उन्हाळ्यात सर्वांत दाट ऑइल घातले की झाले, असा निष्कर्ष अनेक जण काढतात आणि तो मला पटत नाही. ज्या इंजिनातल्या वाटा आणि फटी पातळ ऑइलसाठी आखल्या आहेत, त्यात दाट ऑइल सावकाश फिरते, म्हणजे उष्णताही सावकाश वाहून नेते. पुस्तिकेत ऑइलच्या एकापेक्षा जास्त प्रती (ग्रेड) दिल्या असतील, तर त्यांतली दाट प्रत उन्हाळ्यासाठी घ्यावी. एकच दिली असेल, तर तीच घालावी. डब्यावर जासो (ऑइलचे जपानी मानक) एमए किंवा एमए-२ ही खूण आहे याची मात्र खात्री करावी. मोटरसायकलमध्ये क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, आणि चारचाकीचे किंवा स्कूटरसाठीचे एमबी खुणेचे निसरडे ऑइल घातले तर क्लच घसरू लागतो, जे इंजिन तापण्याचे आणखी एक कारण होते. बदलण्याची मुदत पुस्तिकेप्रमाणे पाळावी. गाडी रोज गावातल्या गर्दीतच फिरत असेल, तर थोडी आधी बदललेली बरी.

पायरी चौथी : कुलंटच्या गाड्यांसाठी

इंजिन थंड असताना बाटलीतली पातळी कमाल आणि किमान या दोन खुणांच्या मध्ये असावी. कमी असेल तर तयार मिळणारे कुलंट किंवा इथिलीन ग्लायकॉल आणि डिस्टिल्ड वॉटर यांचे निम्मे-निम्मे मिश्रण घालावे. बोअरचे पाणी घालू नये. ज्या पाण्याने घरातल्या बादलीला पांढरे किटण धरते, ते रेडिएटरच्या नळ्यांतही तेच करते, आणि तिथे घासायला हात पोहोचत नाही. रेडिएटरच्या जाळीत अडकलेले किडे आणि गवताचे कण मऊ ब्रशने काढावेत; प्रेशरच्या पाण्याचा झोत जवळून मारला तर नाजूक पात्या वाकतात.

रेडिएटरचे झाकण गरम इंजिनावर कधीही उघडू नये. आतले द्रव दाबाखाली असल्यामुळे १०० अंशांच्या वर जाऊनही उकळलेले नसते. झाकण सैल होताच दाब जातो, ते क्षणात उकळते आणि तोंडावर उडते. गर्दीत पंखा सुरू होऊन घरघरू लागला की नवे चालक घाबरतात, परंतु पंखा चालू होणे ही चांगली खूण आहे. गाडी तापूनही तो सुरू होत नसेल, तेव्हा गॅरेजकडे वळावे.

पायरी पाचवी : इंजिनावरचा फुकटचा भार उतरवावा

गाडी मेन स्टँडवर घेऊन न्यूट्रलमध्ये मागचे चाक हाताने फिरवावे. ते दोन-तीन फेरे सहज फिरले पाहिजे. अडखळत असेल तर मागचा ब्रेक जास्त कसलेला आहे किंवा चेन फार ताणलेली आहे, आणि इंजिन दिवसभर तो ब्रेक ओढत फिरते आहे. चेनला बहुतेक रोजच्या वापराच्या गाड्यांत २० ते ३० मिलिमीटर ढील लागते. उन्हाळ्यात टायरमधली हवा कमी ठेवावी, ही सर्रास ऐकू येणारी सूचना उलटी आहे : कमी हवेचा टायर जास्त चेपतो, त्यामुळे स्वतःही जास्त तापतो आणि इंजिनालाही जास्त ओढायला लावतो. पुस्तिकेत दिलेला दाबच ठेवावा आणि तो सकाळी, गाडी चालवण्याआधी मोजावा.

एअर फिल्टर, स्पार्क प्लग आणि टॅपेट (वॉल्व्हची फट जुळवणे) ही कामे नवख्याने मेकॅनिककडूनच करून घ्यावीत. त्याच्याशी बोलताना एक मागणी मात्र जपून करावी. कार्बोरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या, जुन्या गाडीचा मालक “अॅव्हरेज वाढवून द्या” म्हणतो, मेकॅनिक मिश्रणातले पेट्रोल कमी करतो, आणि मग हवा जास्त व पेट्रोल कमी असे हे मिश्रण इंजिनाला जास्त तापवते. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते, ज्यातले काही आपल्याच भागातल्या उसाचे; इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन असल्यामुळे जुन्या सेटिंगवर मिश्रण आपोआपच आणखी पातळ होते. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (प्रदूषणाच्या निकषाच्या) गाड्यांपैकी बहुतेकांत फ्युएल इंजेक्शन आणि ऑक्सिजन सेन्सर असल्यामुळे त्या स्वतः जुळवून घेतात. कार्बोरेटरला ते जमत नाही. मेकॅनिकने प्लग काढला की त्याचे टोक पाहावे. बिस्किटासारखा तपकिरी रंग ठीक समजावा, खडूसारखा पांढरा असेल तर मिश्रण पातळ आहे किंवा कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबराला चीर पडून बाहेरची हवा आत शिरते आहे.

पायरी सहावी : चालवण्याची पद्धत

चढावर वरच्या गिअरमध्ये रेटत जाणे ही नव्या चालकांची सर्वांत महागडी सवय आहे. कमी वेगावर मोठा गिअर टाकला की पिस्टनवर प्रत्येक स्फोटाचा भार वाढतो, ऑइलचा पंप सावकाश फिरतो आणि वाराही कमी मिळतो. तिन्ही गोष्टी एकाच दिशेला जातात. खंबाटकी असो, यवतेश्वर असो की कराड-चिपळूण रस्त्यावरचा कुंभार्ली, अॅक्सिलरेटर पिळल्यावर गाडी लगेच उत्तर देत नसेल तर एक गिअर खाली यावे. इंजिनाचा आवाज वाढेल, त्याला भिऊ नये.

दुसरी सवय हाफ क्लचची. चढावरच्या रांगेत ब्रेकऐवजी क्लचवर गाडी तोलून धरली की प्लेट्स घासतात आणि ती सगळी उष्णता ऑइलमध्येच जाते. गाडी ब्रेकवर धरावी, पुढे जागा झाली की क्लच पूर्ण सोडून निघावे. रांग मिनिटभराहून जास्त थांबणार असेल, तर हवेवर थंड होणारे इंजिन बंदच करावे, कारण उभ्या गाडीत ते फक्त उष्णता बनवत असते. गणपती पेठेसारख्या गर्दीत दुपारी काम असेल, तर गाडी अलीकडे लावून चालत जाणे अनेकदा गाडीला आणि माणसालाही सोयीचे पडते.

दर वीस किलोमीटरला इंजिनाला विश्रांती हवी, असे जुने लोक सांगतात. सपाट रस्त्यावर, पुरेशा ऑइलसह आणि एकसारख्या वेगात धावणाऱ्या गाडीला तिची गरज नसते. उन्हात चालवणाऱ्याला पाणी पिण्यासाठी थांबावे लागते, तेवढे पुरते. नव्या गाडीच्या पहिल्या हजारएक किलोमीटरमध्ये मात्र भाग एकमेकांत बसत असल्यामुळे घर्षण जास्त असते, म्हणून त्या काळात लांबचा घाट दुपारी टाळावा.

पायरी सातवी : तरीही गाडी तापली तर

सुरुवातीला सांगितलेल्या खुणा दिसताच सावलीत, इंजिन वाऱ्याच्या दिशेने करून थांबावे आणि गाडी बंद करावी. इंजिनावर पाणी ओतू नये, ओले गोणपाटही टाकू नये. तापलेला धातू एका बाजूने एकदम आकसला की हेड, म्हणजे सिलिंडरचा वरचा भाग, वाकते किंवा त्याला तडा जातो, आणि तो खर्च ऑइलच्या दहा डब्यांपेक्षा मोठा असतो. वीस-तीस मिनिटांनी ऑइलची पातळी पाहावी. ती खालच्या खुणेच्याही खाली असेल, तर ऑइल घातल्याशिवाय गाडी सुरू करू नये. वाटेवरच्या गावात पंक्चरवाल्याकडेही बहुधा ऑइलचा डबा मिळतो. पातळी ठीक असेल, तर गाडी सुरू करून मिनिटभर आवाज ऐकावा आणि खालच्या गिअरमध्ये, हलक्या हाताने पुढे जावे.

चालत्या गाडीत इंजिन एकदम आवळल्यासारखे वाटले आणि मागचे चाक धरू लागले, तर त्याच क्षणी क्लच दाबावा, म्हणजे चाक मोकळे होईल, आणि गाडी कडेला घ्यावी. ती पूर्ण थंड झाल्यावर किकचा दांडा हाताने हलकेच दाबून पाहावा. तो खाली जात असेल, तर ऑइल पाहून गाडी सावकाश जवळच्या गॅरेजपर्यंत नेता येते. दांडा हलतच नसेल, तर इंजिन आत जाम झाले आहे. अशा वेळी मागून ढकलून गिअरमध्ये टाकण्याचा आग्रह करणारे मदतनीस रस्त्यावर हमखास भेटतात, त्यांना हात जोडावेत आणि छोटा हत्ती बोलावून गाडी त्यात चढवावी.